कधी, कुठे, किती, कशावरून

१८८६ च्या जानेवारीत मुंबईत एका नियतकालिकाचा पहिला अंक छापून आला. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं जर्नल. संपादक दोन: ई. एच. एटकेन आणि आर. ए. स्टर्नडेल. एटकेन साताऱ्यात जन्मलेले, मीठ आणि जकात खात्यातले अधिकारी. स्टर्नडेलही सरकारी नोकरीतले. प्राणिशास्त्र हा दोघांचाही पेशा नव्हता. तरीही जीवविज्ञानातला शोधनिबंध कसा लिहायचा हे या शहराला ज्यांनी शिकवलं, त्यांत या दोघांची नावं मी आधी घेते. मुंबई विद्यापीठ १८५७ पासून होतं, पण तेव्हा ते परीक्षा घेणारं विद्यापीठ होतं. विद्यार्थ्याला हाताशी धरून संशोधन करवून घ्यायचं आणि ते लिहायला शिकवायचं, हे काम त्याच्या चौकटीत नव्हतं. ते काम एका दारूच्या व्यापाऱ्याच्या पेढीमागच्या खोलीत सुरू झालं.

सोसायटी स्थापन झाली १५ सप्टेंबर १८८३ रोजी, भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात. आठजण जमले होते आणि त्यांत दोघे मराठी डॉक्टर होते. एक आत्माराम पांडुरंग तर्खडकर, प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी. दुसरे डॉ. सखाराम अर्जुन. ग्रँट मेडिकल कॉलेजशी जोडलेले, वनस्पतींचे जाणकार, मुंबईच्या बाजारात मिळणाऱ्या औषधी द्रव्यांची सूची त्यांनी १८७९ मध्ये छापली होती. रखमाबाईंचे ते सावत्र वडील. बालपणी झालेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदायला जायला रखमाबाईंनी नकार दिला, तेव्हा ते त्यांच्या पाठीशी उभे राहिले. जर्नलचा पहिला अंक निघाला तेव्हा सखाराम अर्जुन हयात नव्हते. आदल्याच वर्षी ते गेले होते. आणखी काही वर्षं मिळाली असती, तर औषधी वनस्पतींवर मराठी डॉक्टरनं लिहिलेले निबंध या जर्नलच्या सुरुवातीच्या खंडांत दिसले असते, असं मला मनापासून वाटतं.

सोसायटीला जागा दिली एच. एम. फिप्सन यांनी. फोर्टात फोर्ब्स स्ट्रीटवर त्यांची मद्याची पेढी होती. त्यामागची खोली १८८४ च्या सुरुवातीला सोसायटीकडे आली. कातडी, कवट्या, स्पिरिटमधले साप, फुलपाखरांच्या पेट्या तिथे साठू लागल्या. पुढे १८९४ मध्ये कारवारहून आलेला एक धनेश सोसायटीच्या कचेरीत कित्येक वर्षं राहिला. 'विल्यम' हे त्याचं नाव, आणि तोच सोसायटीचं बोधचिन्ह झाला. फिप्सन यांच्या पत्नी डॉ. एडिथ पीची कामा हॉस्पिटलच्या. रखमाबाईंना डॉक्टर होण्यासाठी लंडनला जाता आलं त्यामागे त्यांची मदत होती. पेढीमागची खोली, कामा हॉस्पिटल, सखाराम अर्जुनांचं घर: मुंबईच्या विज्ञानाचा इतिहास वाचताना ही माणसं एकमेकांच्या इतकी जवळ भेटतात, की एकाबद्दल वाचायला बसलं की दुसऱ्याचं दार आपोआप उघडतं.

सोसायटीच्या सभा भरत. सभेत कुणीतरी टिपण वाचायचं आणि ज्या प्राण्याबद्दल ते असेल, तो प्राणी शक्य तर समोर टेबलावर असायचा. ऐकणाऱ्यांत डॉक्टर असत, जंगल खात्यातले लोक असत, फौजी अधिकारी असत, आणि त्यांतल्या कुणी ना कुणी तो प्राणी स्वतः पाहिलेला असायचा. मग प्रश्न यायचे. हल्ली आपण ज्याला 'पिअर रिव्ह्यू' म्हणतो, तो छापील फॉर्म आणि निनावी पत्रं होण्याच्या कितीतरी आधी असा समोरासमोर चालत होता.

रायगड जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी प्राणिशास्त्र शिकवलं. सुट्टीत मांडव्याहून लाँचनं मुंबईला जायचं आणि सोसायटीच्या हॉर्नबिल हाउसमधल्या ग्रंथालयात जर्नलचे जुने खंड वाचायचे, ही माझी अनेक वर्षांची सवय. मुलांना पेपर लिहायला शिकवण्यासाठी आधी मीच नीट शिकावं, एवढाच सुरुवातीला हेतू होता. खंड उघडला की सगळे आधी मोठे निबंध वाचतात, मीही तेच करायचे. पण शिकण्यासारखं खरं धन अंकाच्या शेवटी असतं, हे हळूहळू ध्यानात आलं. तिथे 'मिसलेनियस नोट्स' नावाचा विभाग आहे. जर्नलच्या जवळजवळ सगळ्या आयुष्यात तो चालत आला आहे, आजही आहे. कुणी अर्ध्या पानात सांगतो की अमुक पक्षी आजवर अमुक नदीच्या दक्षिणेला कुणी नोंदवला नव्हता, तो मला तिथे दिसला. कुणी सापाच्या पोटात काय सापडलं ते लिहितो. कुणी बिबळ्याच्या पिल्लांची लांबी देतो. लेखक बहुतेक साहेब: कलेक्टर, इंजिनीअर, पोलीस, मळेवाले. त्यांच्या मागे चालणारे, वाट दाखवणारे, कातडी सोलणारे कातकरी, कोळी, भिल्ल, गोवेकर मात्र नावाने क्वचितच भेटतात. हा अन्याय त्या पानापानांत आहे आणि तो न बोलता पुढे जाणं मला जमत नाही. ज्याने घरटं शोधलं त्याचं नाव नाही, ज्याने ते मोजलं त्याचं आहे.

तरी त्या टिपणांना एक शिस्त होती. कधी पाहिलं, कुठे पाहिलं, किती होते आणि तो अमुक प्राणीच होता हे कशावरून म्हणता. यांतलं एक उत्तर जरी नसलं तरी टिपण लंगडं पडतं, आणि वाचताना ते लगेच कळतं.

ही शिस्त कागदावर येण्याआधी लेबलावर आली. संग्रहालयात ठेवलेल्या प्रत्येक कातडीच्या पायाला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली असते: तारीख, ठिकाण, नर की मादी, मापं, गोळा करणाऱ्याचं नाव. कातडी कितीही सुंदर भरलेली असो, ती चिठ्ठी हरवली की विज्ञानाच्या दृष्टीने तिची किंमत जवळजवळ संपते. १९११ ते १९२३ या काळात सोसायटीने देशभर सस्तन प्राण्यांचं सर्वेक्षण केलं, 'मॅमल सर्व्हे', आणि त्याचे अहवाल जर्नलमधून येत राहिले. ते अहवाल म्हणजे एका अर्थी हजारो चिठ्ठ्या ओळीने लावून त्यांतून काढलेला अर्थ आहे. माझ्या विद्यार्थ्यांना मी पहिल्या सत्रात लेखन देतच नसे, लेबलं लिहायला लावायची. कंटाळायची मुलं. पण ज्याला लेबल पुरं लिहिता येतं, त्याला 'साहित्य आणि पद्धती' हा भाग वेगळा शिकवावा लागत नाही.

एटकेन 'एहा' या टोपणनावाने खुसखुशीत लेख लिहीत आणि मुंबईच्या पक्ष्यांवरचं त्यांचं पुस्तक आजही लोक आवडीने वाचतात. पण त्यांचं मला सर्वांत भावलेलं काम त्यांनी एकट्याने केलेलं नाही. उत्तर कानडा जिल्ह्यातल्या फुलपाखरांवर जेम्स डेव्हिडसन, टी. आर. बेल आणि एटकेन या तिघांनी मिळून १८९६-९७ मध्ये जर्नलमध्ये दीर्घ निबंध लिहिला. डेव्हिडसन मुलकी सेवेतले, बेल जंगल खात्यातले. तिघांनी अळ्या आणून पाळल्या. कुठली अळी कुठल्या झाडाचं पान खाते, कोश कसा दिसतो, त्यातून कुठलं फुलपाखरू बाहेर येतं, हे घरात डोळ्यांसमोर घडताना पाहून लिहिलं. नुसती फुलपाखरं जाळ्यात पकडून टाचणीला लावणाऱ्याला हे कधीच कळलं नसतं. यातल्या डेव्हिडसन यांचं नाव वाचकाने ध्यानात ठेवावं. शंभर वर्षांनी ते खानदेशात परत येणार आहे.

सलीम अली यांचा जन्म १८९६ चा. मामांच्या घरी, मुंबईत वाढलेला हा मुलगा नऊ-दहा वर्षांचा असताना त्याने एक नोंद लिहिली. तबेल्यात चिमणीचं घरटं होतं. त्याने एअरगनने नर मारला. मादीने दुसरा जोडीदार आणला. तोही मारला. असं सात दिवसांत आठ नर झाले आणि दर वेळी मादीला नवा जोडीदार मिळाला. आजच्या वाचकाला हे निष्ठुर वाटेल, वाटायलाही हवं. पण एका मुलाने 'पुष्कळ नर' असं लिहिलं नाही, आठ लिहिलं. 'थोड्या दिवसांत' असं लिहिलं नाही, सात लिहिलं. कित्येक दशकांनी ती बालपणची नोंद पक्षीनिरीक्षकांच्या एका पत्रिकेत छापली गेली, कारण तिला छापण्याजोगा आकार आधीपासूनच होता.

त्यानंतरची पिवळ्या कंठाच्या चिमणीची गोष्ट सर्वांना माहीत आहे. मारलेली चिमणी नेहमीची दिसेना, म्हणून मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी भाच्याला सोसायटीत डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे पाठवलं. मिलार्ड फिप्सन यांच्याच पेढीतले आणि सोसायटीचे मानद सचिव. त्यांनी मुलाला कपाटांतले खण उघडून दाखवले. या गोष्टीत सगळे चिमणीकडे बघतात. मला त्या खणांतल्या लेबल लावलेल्या रांगा महत्त्वाच्या वाटतात. आपल्या हातातली एक चिमणी शेकडो चिमण्यांच्या शेजारी ठेवून बघायची असते, हे त्या दिवशी त्या मुलाला कळलं. शोधनिबंधातली 'चर्चा' म्हणजे तरी दुसरं काय असतं?

पुढे ब्रह्मदेशातला धंदा, परत येऊन सेंट झेवियर्समधलं शिक्षण, १९२६ पासून प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये गाइड लेक्चररची नोकरी. १९२९ मधला एक प्रसंग मात्र थांबून सांगण्याजोगा आहे. ह्यू व्हिसलर हे त्या काळी भारतीय पक्ष्यांवरचं मोठं नाव. पंजाबात पोलीस अधिकारी होते आणि त्यांचं पक्ष्यांवरचं पुस्तक नुकतंच गाजलं होतं. त्यांनी लिहिलं की पल्लवपुच्छ कोतवालाच्या शेपटीच्या टोकाच्या पिसाला आतल्या बाजूने पातं नसतं. सलीम अलींनी पीस हातात घेऊन पाहिलं. त्या पिसाचा दांडा टोकाशी पिळलेला असतो, त्यामुळे एक बाजू दुसरीसारखी भासते; जुन्या पुस्तकांतली चूक एकातून दुसऱ्यात चालत आली आहे, असं त्यांनी जर्नलला कळवलं. व्हिसलर चिडले. ओळखदेख नसलेला एक हिंदी माणूस आपल्या चुका काढतो, हे त्यांना रुचलं नाही. पण त्यांनी स्वतःकडचे नमुने पुन्हा तपासले, चूक मान्य केली आणि पुढे दोघे जन्माचे मित्र झाले. हैदराबाद संस्थानाच्या पक्षी सर्वेक्षणाचे अहवाल जर्नलमध्ये आले त्यांत सलीम अलींच्या निरीक्षणांसोबत व्हिसलर यांची टिपणं आहेत. या भांडणात दोघांनाही मोठं करणारी गोष्ट एकच होती: वाद पिसावर सुरू झाला आणि पिसावरच मिटला.

त्याच सुमारास सलीम अली बर्लिनला गेले. शिकण्यासाठी त्यांनी आधी लंडनकडे पाहिलं होतं, पण तिकडून उत्साह दिसला नाही. बर्लिनच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात एर्व्हिन स्ट्रेझमान यांनी त्यांना मोकळ्या मनाने घेतलं. स्ट्रेझमान नुसते पक्षितज्ज्ञ नव्हते. जर्मनीतलं पक्षिशास्त्राचं प्रमुख नियतकालिक तेच संपादित करत. गुरू आणि संपादक एकाच माणसात भेटणं हे विद्यार्थ्याचं फार मोठं भाग्य. सलीम अली त्यांना शेवटपर्यंत आपले गुरू मानत.

१९३० मध्ये ते परतले तेव्हा नोकरी उरली नव्हती. पैशाअभावी ती जागाच रद्द झाली होती. पत्नी तहमिना यांच्यासह ते अलिबागजवळ किहीमला राहायला आले. किहीम मला ओळखीचं. उन्हाळ्यात पर्यटकांनी भरतं, पण पावसाळ्यात समुद्राचा आवाज आणि माडांची सळसळ एवढंच असतं. नेमका पावसाळाच सुगरणींच्या विणीचा. घराजवळच सुगरणींची वसाहत होती. बेकार माणसाकडे वेळ होता. तो लपणात बसून दिवसेंदिवस पाहत राहिला.

सुगरण पक्ष्याबद्दल आपल्याकडे सर्वांचीच ठाम समजूत असते. बहिणाबाईंच्या कवितेतही खोपा मादीच विणते. प्रत्यक्षात विणतो तो नर. पण किहीमला दिसलं ते त्याच्याही पुढचं होतं. नर घरटं अर्ध्यापर्यंत आणतो: वरचं शिरस्त्राण तयार, मधला पट्टा घातलेला, खालची नळी अजून नाही. मग माद्या येतात आणि घरटी तपासतात. आत जातात, चोचीने ओढून बघतात, न आवडलं तर निघून जातात. पसंत पडलं की मादी ताबा घेते, मीलन होतं, नर उरलेलं बांधकाम पुरं करतो आणि मादी अंडी घालून उबवायला बसली की तो शेजारी दुसरं घरटं सुरू करतो, दुसऱ्या मादीसाठी. एका नराची एका हंगामात अशी एकापाठोपाठ एक कुटुंबं होतात. वसाहतीत लोंबणारी अर्धवट घरटी नरांनी आपल्या विसाव्यासाठी बांधलेली असतात, असा समज पूर्वीच्या लिखाणातून चालत आला होता. ती पसंतीस न उतरलेली किंवा पसंतीची वाट पाहणारी घरटी आहेत, हे आता दिसलं.

हा निबंध १९३१ मध्ये जर्नलच्या ३४ व्या खंडात आला, पृष्ठं ९४७ ते ९६४. मुलांना मी तो मुद्दाम वाचायला देत असे. त्यात प्रयोगशाळा नाही, उपकरण नाही, अनुदान नाही. जे पाहिलं ते, ज्या क्रमाने घडलं त्या क्रमाने. आणि जे आधी इतरांनी म्हटलं होतं ते, त्यातलं काय टिकतं आणि काय टिकत नाही यासकट. भाषा स्वच्छ आहे. त्या स्वच्छतेत तहमिनांचा वाटा होता. त्या इंग्लंडमध्ये शिकलेल्या होत्या आणि नवऱ्याचं इंग्रजी गद्य त्यांच्या हाताखालून गेल्यावर सुधारत असे. १९३९ मध्ये त्या गेल्या. शोधनिबंधावर लेखकाचं एकच नाव असतं, तेव्हाही तो बहुधा एकट्याने लिहिलेला नसतो. जो आधी वाचून 'हे वाक्य कळलं नाही' असं म्हणतो, त्याची जागा आभाराच्या ओळीहून मोठी असते.

सलीम अलींनी सुगरणीचा विषय तिथे मिटवला नाही. पंचवीस वर्षांनी, १९५६ आणि १९५७ मध्ये, त्यांचे विद्यार्थी व्ही. सी. आंबेडकर यांच्याबरोबर त्यांनी सुगरणीवर पुन्हा टिपणं लिहिली. आंबेडकरांनी पुढे भारतातल्या सुगरणींच्या जातींच्या विणीवर प्रबंध केला आणि तो मुंबई विद्यापीठाने १९६४ मध्ये छापला. विद्यापीठ आणि पेढीमागची ती खोली इथे अखेर भेटतात. एकाने लिहिलेलं दुसऱ्याने पुन्हा जाऊन पाहायचं, आणि गुरूनेच शिष्याला तिथे धाडायचं, यापेक्षा चांगली परंपरा मला माहीत नाही.

आता लेबलाकडे परत येऊ. रानपिंगळा हे छोटं घुबड १८७३ मध्ये पक्षितज्ज्ञ ह्यूम यांनी शास्त्राला कळवलं. मध्य भारतातून आणि खानदेशातून मोजके नमुने मिळाले, त्यांतले खानदेशातले जेम्स डेव्हिडसन यांचे. होय, पुढे कानड्यात अळ्या पाळणारे तेच. १८८४ नंतर या पक्ष्याचा पत्ता नव्हता. फक्त एक अपवाद होता: रिचर्ड माइनर्ट्झहागेन या इंग्रज कर्नलाच्या संग्रहातला एक नमुना, ज्याचं लेबल सांगत होतं, १९१४, मांडवी, गुजरात. माइनर्ट्झहागेन हे पक्षिशास्त्रातलं वजनदार नाव. सलीम अलींबरोबर ते १९३७ मध्ये अफगाणिस्तानच्या मोहिमेवरही होते. त्यांच्या लेबलावर शंका कोण घेणार? पुढे खुद्द सलीम अलींसह अनेकांनी रानपिंगळा शोधला, पण तो सापडला नाही.

१९९० च्या दशकात अमेरिकेतल्या पामेला रासमुसेन यांनी माइनर्ट्झहागेन यांच्या संग्रहाची झडती घेतली, तेव्हा भयंकर प्रकार उघडकीला आला. इतरांनी गोळा केलेले नमुने संग्रहालयांतून चोरून, कातडी नव्याने भरून, त्यांवर खोटी लेबलं लावलेली होती. रानपिंगळ्याचा तो नमुनाही त्यांतलाच. प्रत्येक माणसाची कातडी भरण्याची एक लकब असते. दुरुस्त केलेल्या त्या कातडीत डेव्हिडसन यांचा हात शिल्लक होता. म्हणजे १९१४ ची नोंदच खोटी. रासमुसेन यांनी मांडवी बाजूला ठेवली आणि खऱ्या लेबलांची ठिकाणं धरली. बेन किंग आणि डेव्हिड अबॉट यांच्यासह त्या खानदेशात आल्या आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ दिवसाउजेडी झाडावर बसलेला रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी. पुनर्शोधाचं टिपण १९९८ मध्ये आलं, फसवणुकीचा निबंध १९९९ मध्ये 'आयबिस' या नियतकालिकात. त्यानंतर फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी सोसायटीतर्फे या पक्ष्याचा अभ्यास केला आणि मेळघाटातही तो असल्याचं दाखवलं.

एका खोट्या चिठ्ठीने अभ्यासकांना कित्येक दशकं चकवलं आणि त्याआधी बांधलेल्या खऱ्या चिठ्ठीने वाट दाखवली. मी वर्गात हे सांगताना मुलं एकदम गप्प व्हायची. त्यांना तेव्हा कळायचं की आपण लिहिलेली तारीख आपल्या मार्कांसाठी नसते. आपल्याला कधीच न भेटणारा कुणीतरी शंभर वर्षांनी तिच्यावर भरवसा टाकून जंगलात शिरणार असतो.

वैद्यकातही मुंबईने असाच एक धडा घालून दिला. १९५२ च्या मे महिन्यात 'लॅन्सेट'मध्ये भेंडे, देशपांडे आणि भाटिया या मुंबईच्या डॉक्टरांनी लंडनच्या सँगर, रेस, मॉर्गन आणि वॉटकिन्स यांच्यासह जेमतेम दोन पानांचा निबंध छापला. काही माणसांच्या तांबड्या पेशी ए, बी आणि एच या तिन्हींच्या प्रतिपिंडांना दाद देत नव्हत्या, आणि त्यांच्या रक्तद्रवात मात्र तिन्हींविरुद्ध प्रतिपिंडं होती. हाच 'बॉम्बे रक्तगट'. शीर्षकात त्यांनी 'नवा' हा शब्द अवतरणचिन्हांत ठेवला आहे. हे कशामुळे घडतं याचा छडा पुढे इतरांच्या कामातून लागला. पहिल्या निबंधाने जेवढं हातात होतं तेवढंच सांगितलं, आणि म्हणूनच तो आजही उभा आहे.

या परंपरेचं पुढे काय झालं, हे लिहिताना मला दुःख होतं. २०१० नंतर महाविद्यालयीन शिक्षकांच्या बढतीसाठी गुणांक आले आणि पेपरांची संख्या मोजली जाऊ लागली. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या जर्नलांचं पीक आलं. २०१८ मध्ये पुण्यातल्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी 'करंट सायन्स'मध्ये दाखवलं की विद्यापीठांच्या शिफारशीवरून विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य जर्नलांच्या यादीत आलेल्या आणि त्यांनी तपासलेल्या जर्नलांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक हलक्या दर्जाची असू शकतात. त्याच वर्षी आयोगाने ४,३०५ जर्नलं यादीतून काढली. एका शिक्षिकेने मला आपला छापलेला पेपर दाखवला होता. पाठवल्यापासून चार दिवसांत स्वीकारला गेलेला, एकही प्रश्न न विचारता. तिला वाटलं, आपलं लिखाण निर्दोष असणार. ती हुशार होती, कष्टाळू होती, आणि तिला 'हे कशावरून?' विचारणारं कुणीही भेटलं नव्हतं. पैसे गेले ते मिळवता येतील. तो न विचारला गेलेला प्रश्न हे तिचं खरं नुकसान होतं.

म्हणून मी मुलांना मोठ्या निबंधाकडे न्यायचेच नाही. आधी एक टिपण, एका पानाचं, एका निरीक्षणावर. पेणजवळच्या खेड्यातली एक विद्यार्थिनी होती. तिच्या वाटेवर विजेच्या तारांवर सुगरणींची घरटी लोंबायची. शेजारच्या शिंदीच्या झाडांवर जागा असूनही तारांवर का, असं तिला वाटायचं. पहिल्या मसुद्यात तिने लिहिलं, बरीच घरटी होती. मी विचारलं, किती? मोजून आली. मग विचारलं, त्यांतली पुरी किती, अर्धी किती, आणि शिंदीवर किती? पुन्हा गेली. मग मोजणी कुठल्या तारखेची, हे राहिलं होतं. पावसाळा संपेपर्यंत तिची वही भरली आणि मूळ प्रश्नच बदलला. तारांवरच्या घरट्यांत अर्धवट सोडलेली जास्त दिसत होती. मी सांगितलं, 'का' हे तुला माहीत नाही, तर ते लिहू नकोस. किती हे माहीत आहे, तेवढं लिही.

टिपण एका छोट्या नियतकालिकाला गेलं आणि संपादकांच्या पाच प्रश्नांसह परत आलं. दोन तिने जागेवर सोडवले. तिसऱ्यासाठी पुढच्या जूनपर्यंत थांबावं लागणार होतं, कारण पाडलेली जुनी घरटी आणि नवी सुरू केलेली यांत तिने फरक केला नव्हता. वर्गातली इतर मुलं म्हणाली, दुसरीकडे पाठव, आठवड्यात छापून येईल. ती थांबली. जूनमध्ये पाऊस लागल्यावर रोज सकाळी कॉलेजच्या एसटीआधी तारांखाली उभी राहायची, वहीत खांबाचा क्रमांक, तारीख, घरट्याची अवस्था. टिपण छापून आलं तेव्हा ते पाऊण पानाचं होतं. दुसरं टिपण तिने पाठवलं, तेव्हा मला दाखवलंही नाही. छापून आल्यावर कळवलं. मी ते वाचलं आणि पेन्सिलीने समासात दोन प्रश्न लिहून तिला परत धाडले.